खोताच्या पायाखालची डोण

मंगळवारी सकाळी सातला रामजीआप्पांनी आंबे काढायची लांब काठीची घळ खांद्यावर घेतली, ओळंबा खिशात टाकला आणि चपला शोधायला लागले. येसूबाई चुलीपुढनं ओरडली, "अवो, पौषात कुठचे आंबे काढायला चाललाव?"

"आंबे नाय. खोताकडं चाललंव."

"सभा अकराला हाय."

"म्हायत हाय. सभेत बोलायच्या आधी मोजून बघतंव. हातात माप नसताना गवंडी बोलत नाय."

"जिता असताना त्याच्यापुढं मान वर करत नव्हताव. आता ओळंबा लावताव."

आप्पा हसले. वरचे दोन दात नसल्यामुळे हसले की लहान पोरासारखे दिसायचे. "तेवढ्यासाठीच जगलंव काय तर," म्हणाले. चहा अर्धा ठेवला. आल्यावर पितो म्हणाले. जाताना पडवीत अमरदीप, त्यांचा मुलगा, रिक्षा पुसत होता. बापानं मुलाकडं बघितलं, मुलानं रिक्षाच्या काचेकडं. दोघांत रविवारपासून बोलणं नव्हतं. आप्पा थोडे थांबले, मग दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून गेले.

तेच शेवटचं जाणं.

शिरबाव आमचा गाव. खेडपासून एसटीनं पाऊण तास. स्टॉपवर उतरलं की समोर शाळा आणि शाळेच्या फाटकापाशी बापूसाहेब खोतांचा पुतळा. सिमेंटचा, डोक्याला पगडी, हातात काठी, दरवर्षी तांब्याचा रंग मारतात. खाली जांभ्या चिऱ्यांचा पुरुषभर उंच चौथरा. तो चौथरा आप्पांच्या हातचा. त्र्याऐंशी सालचा. चिरा असा घासून बसवलाय की सांध्यात ब्लेड जायचं नाही. खेडवरनं गवंडी बघायला यायचे.

आता रस्ता रुंद होणार, म्हणून पुतळा हलवायला लागणार. चौथऱ्याला वरच्या बाजूला चीर पण गेलेली. रस्त्याचा साहेब म्हणाला, पडला तर पोरांवर पडेल, जेसीबी लावून पाडून टाकतो. मग गावात सुरू झालं. काढल्यावर परत बसवायचा का नाही?

खोतांचा पणतू ऋत्विक पुण्याहून गाडी घेऊन आला. पोरगा वाईट नाही, बोलायला गोड. म्हणाला, आमच्या पणजोबांनी शाळेला जागा दिली, एसटी आणली, चौकात नवीन चौथऱ्यावर पुतळा उभा करा. खोटं नाही ते. शाळेची जागा खोतांचीच. आप्पा तिथंच चौथीपर्यंत शिकले. फक्त वर्गात नाही, पडवीत बसून.

आणि आपल्या बौद्धवाडीतली पोरं म्हणाली, तो पुतळा गावात नकोच. त्यात सगळ्यात पुढं अमरदीप. तो वीस वर्षं मुंबईत काढून आला, आता खेडला रिक्षा चालवतो, कुणाचं ऐकून घेत नाही. त्याचं पण खोटं नाही. छप्पन साली वाडीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यानंतर आप्पांच्या बापानं मेलेली गुरं ओढायचं सोडलं, आणि एक दिवस गावच्या विहिरीत स्वतःचा पोहरा टाकला. बापूसाहेबांनी त्याला विहिरीच्या रहाटाला बांधून मारलं. सगळा गाव बघत होता. आप्पा तेव्हा आठ वर्षांचे, आईच्या लुगड्याला धरून.

त्या विहिरीपाशी एक डोण होती. काळ्या दगडाची, दोन हात लांब, मधे कोरलेली. वाडीतल्या बायांनी तिथं लांब उभं राहायचं, वरचं कोणी आलं, त्याला दया आली, तर तो डोणीत पाणी ओतणार, मग तो लांब गेला की ह्यांनी डोणीतनं भरायचं. आप्पांची आय, कमळाआजी, ती सांगायची, एकदा सकाळची उभी राहिली ती दुपारच्या शाळेची घंटा झाली तरी कोणी ओतलं नाही. शेवटी गुरं पाजायला एक गुराखी आला. त्यानं डोण भरली, आधी म्हशीला पाजलं, उरलं ते हिनं घेतलं.

तर रविवारी दुपारी काय झालं ते सांगायला पाहिजे. जेवण झालं होतं. अमरदीप बापापुढं बसला, आवाज खाली ठेवून बोलत होता, म्हणजे तो मनात ठरवूनच बसला होता.

"आप्पा, मंगळवारी सभेत तुमी एवढंच बोला. ह्या माणसानं माझ्या बापाला रहाटाला बांधला. बाकी आमी बघतो. गावात बघितलेला माणूस आता तुमीच उरलाव."

"बोलतंव की."

"मग झालं तर."

"पण पुतळा ऱ्हाऊ दे, असं पण बोलणार हाय."

अमरदीपला वाटलं म्हातारा मस्करी करतोय. "काय?"

"चौथऱ्यावर नको. नवीन चौथरा अजिबात नको. खाली जमिनीवर ऱ्हाऊ दे. माणसाच्या उंचीला."

"कशाला? हार घालायला सोपं पडेल म्हणून?"

"तू आधी ऐक तर."

"नाय ऐकत. चाळीस वर्षं लोक तोंडावर बोलतात, खोताचा गवंडी, खोताचा गवंडी. मी शाळेत असताना मारामाऱ्या केल्या त्याच्यावरनं. दात पाडला एकाचा. आणि ते खोटं नव्हतंच तर!"

आप्पांनी हात धुतलेला परत धुतला. येसूबाईनं मुलाला म्हटलं, "अरे, बाप हाय तुजा." अमरदीप म्हणाला, "बाप हाय म्हणून तर," आणि उठून गेला.

येसूबाईला सगळं माहीत होतं. तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

त्र्याऐंशी साली खोतांचा मुलगा स्वतः बौद्धवाडीत आला होता चौथऱ्याचं काम सांगायला. असा चिरा लावणारा दुसरा हात तालुक्यात नव्हता. वाडीतली माणसं म्हणाली, रामजी, जाऊ नको. आप्पा गेले. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं. विहारात मागं बसायचे. लग्नकार्यात कोणीतरी पंगतीत हळूच म्हणायचं, "खोताच्या गवंड्याला वाढा आधी." आप्पा मान खाली घालून जेवायचे. येसूबाईच्या ओठावर यायचं. आप्पा डोळ्यानं गप्प करायचे.

झालं होतं असं. तेव्हा नळ आले होते. विहीर वापराविना पडली होती, डोण कडेला पालापाचोळ्यात. शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, तिच्या ठरलेल्या पारावर, होती, अख्खा गाव तिकडं, ढोल वाजत होते. आपल्या वाडीतलं कोणी जात नाही. दिवस मावळायला आप्पा घरी आले आणि म्हणाले, "येसू, पहार घे. चल."

दोघांनी डोण उकरली. बांबूच्या तुकड्यांवर लोटत लोटत चौथऱ्यापर्यंत आणली. हाकेच्या अंतरावर होतं म्हणून जमलं. चौथरा वरपर्यंत आला होता, शेवटचा थर राहिला होता. फळ्या लावल्या, ते वरनं ओढतायत, ती खालनं खांदा लावतेय. तिच्या पोटात तेव्हा अमरदीप होता, तिसरा महिना, आप्पांना अजून सांगितलं नव्हतं. पालखी सहाणेवरनं उठायच्या आत डोण मधोमध बसली. तोंड खाली, बूड वर.

"तोंड खाली का?" येसूबाईनं विचारलं.

"हिच्यात आता परत कोणी ओतणार नाय."

दुसऱ्या दिवशी वर चिऱ्याचा थर चढला. महिन्यानं वाजतगाजत पुतळा आला. पुढारी आले, नारळ फुटले. आप्पा गर्दीच्या मागं चिंचेखाली उभे होते. येसूबाईला हळूच म्हणाले, "बघ. कशावर उभा हाय ते त्याला म्हायत नाय."

पण गवंडी म्हणून त्यांनी केली ती चूकच होती, आणि ती त्यांना कळत होती. जांभ्यात जांभाच लावतात. काळा दगड त्यात घातला तर चुना त्याला धरत नाही. जांभा पाणी पितो, फुगतो, सुकतो, काळा दगड आहे तसा राहतो. दहा वीस पावसाळे जातात, मग सांधा सुटतो. आप्पांना वाटलं होतं, सुटेल तेव्हा सुटेल, खोत आपला आपण खाली येईल. तिशीतल्या माणसाचा राग. तिथं फाटकातनं रोज शंभर पोरं जाणार हे मनात आलं नाही.

चीर पहिल्यांदा दिसली ती दर्शना, अमरदीपची मुलगी, त्या शाळेत पहिलीत गेली त्या वर्षी. तेव्हापासून आप्पांची झोप गेली. ग्रामपंचायतीचा माणूस दर वर्षी चिरेत सिमेंट भरून रंग मारायचा. आप्पा सकाळी तिला शाळेत सोडायला जायचे, दुपारी आणायला जायचे, आणि मधल्या सुट्टीत पण कुठलं तरी निमित्त काढून फाटकापाशी जाऊन उभे राहायचे, पुतळ्याच्या आणि पोरांच्या मधे. लोक म्हणायचे, म्हातारा खोताची राखण करतोय. आता दर्शना खेडला कॉलेजात जाते. तरी आप्पांचं उभं राहणं सुटलं नव्हतं.

रविवारी मुलगा उठून गेल्यावर येसूबाई म्हणाली, "सांगा त्याला. नायतर मी सांगते."

"तू नको. मी सभेत सांगणार. सगळ्यांपुढं. चूक माजी हाय, तर तोंड पण माजं पायजे."

"त्याला आधी सांगा ना एकट्याला."

"एकट्याला सांगितलं तर तो मला अडवेल. म्हणेल आप्पा, फक्त डोणीचं सांगा, तुमच्या चुकीचं सांगू नका. मग ते अर्धं ऱ्हायलं." मग म्हणाले, "येसू, जेसीबीनं पाडलंन ना, तर डोणीचे तुकडे होतील. ती सरळ निघाली पायजे. ती फाटकापाशी ठेवायची आणि तिच्या बाजूला खोत, जमिनीवर. त्याला नेऊन टाकलाव तर उद्या पोरं विचारतील, ही डोण कशाची? म्हशीची, म्हणून सांगतील. दोघं बाजूबाजूला पायजेत. तरच कळतं."

"आणि ऋत्विक तयार होईल?"

"नाय होणार. अमर पण नाय होणार." परत ते दोन दात नसलेलं हसू. "दोघं पयल्यांदा एका बाजूला येतील बघ."

येसूबाईनं शब्द दिला, बोलणार नाही म्हणून.

मंगळवारी सव्वासातला आप्पा पुतळ्यापाशी पोचले. घळीच्या टोकानं ओळंब्याच्या दोरीचा फास पुतळ्याच्या जोड्याच्या टोकात अडकवला. दोरी चौथऱ्याच्या अंगाबरोबर खाली सोडली. लोखंडी गोळा हलत होता तो थांबायची वाट बघत खाली पायरीवर बसले. चौथऱ्याला डोकं टेकलं.

समोर टपरी आहे ज्ञानेश्वरीची. तिला वाटलं, म्हातारा ऊन खातोय. चहा घेऊन गेली आणि हाक मारली, "आप्पा, घ्या." दोनदा मारली. मग ग्लास तिथंच ठेवून धावत सुटली. तोपर्यंत माणसं जमली, मोबाईल निघाले.

आणलं घरी. डॉक्टर म्हणाला, झोपेत गेल्यासारखे गेले, हृदय थांबलं. दुपारी अग्नी दिला. सभा पुढं ढकलली, सरपंच संदेशनं स्वतः येऊन सांगितलं. कुणब्याचा पोरगा, आप्पांच्या हाताखाली चिरा तासायला शिकलेला. पडवीत बसून लहान पोरासारखा रडला. "माजी पयली भिंत आप्पांनी पाडली होती," म्हणाला, "वाकडा चिरा लावला म्हणून."

संध्याकाळी दर्शना आजीपाशी मोबाईल घेऊन आली, तोंड उतरलेलं. गावाच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. आप्पा पुतळ्याच्या पायाशी, डोळे मिटलेले, मान एका बाजूला. खाली लिहिलेलं, खोतसाहेबांच्या चरणी निष्ठावंत सेवकानं देह ठेवला. फुलं, हात जोडलेले. आणि वाडीच्या ग्रुपवर तोच फोटो. खाली, खोताच्या पुतळ्यानं आमचा आणखी एक माणूस खाल्ला, आता एक दिवस पण तो उभा दिसता कामा नये.

येसूबाईनं दोन्ही ऐकलं. म्हणाली, "परत वाच." परत वाचलं.

"ह्यात आजा कुठं हाय तुजा?" तिनं विचारलं. 

चार दिवस घरात माणसं येत होती. कोणी म्हणायचं, किती भक्ती बघा. कोणी म्हणायचं, अमरदीप, बापाचं नाव लावून मोर्चा काढू. अमरदीप हो पण म्हणत नव्हता, नाही पण म्हणत नव्हता. भिंतीला टेकून बसायचा. त्यानं दाढी केली नाही, रिक्षा काढली नाही. तो शब्द त्याच्या छातीत अडकला होता ते येसूबाईला दिसत होतं, खोताचा गवंडी. बापाशी तेच शेवटचं बोलला होता. तिला वाटायचं सांगावं. आणि वाटायचं, शब्द दिलाय. ज्याला दिला तो तर गेला. मग तो शब्द कोणाकडं राहिला? असं किती वेळा मनात फिरवलं तिनं, भाकरी तव्यावर करपेपर्यंत.

शनिवारी ऋत्विक आला. हातात हार. म्हणाला, "आजी, नव्या चौथऱ्याला आप्पांचं नाव देऊ. पाटी लावू. त्यांची शेवटची इच्छा म्हणून."

अमरदीप उठला. पण येसूबाई आधी बोलली. "बाबा, त्यांची इच्छा तुला कोणी सांगितली?"

"नाही, म्हणजे ते शेवटपर्यंत तिथं—"

"ते तिथं मोजायला गेले होते."

"काय मोजायला?"

"तुजा पणजोबा किती कललाय ते." आणि ती उठून आत गेली. ऋत्विक हार हातात घेऊन उभा. शेवटी त्यानं तो पडवीच्या खुंटीला अडकवला आणि गेला.

अमरदीप आईच्या मागं आत आला. "आये, काय मोजायला गेले होते?"

मग तिनं सांगितलं. चुलीपुढं बसून, त्याच्याकडं न बघता. शिमगा, पहार, बांबू, डोण, तोंड खाली. तिसरा महिना. चुना धरत नाही ते. फाटकापाशी उभं राहायचे ते. बाजूबाजूला पाहिजेत ते पण. तिला वाटलं होतं पोरगा रडेल. तो चिडला.

"हे खरं असतं तर मला नसतं सांगितलं? चाळीस वर्षं लोकांच्या चपला खाल्लान त्यानं आणि गप बसला? असा कोण गप बसतो?"

"तुजा बाप बसला."

"आणि त्या खोताला ठेवायचा? त्याच्यानंतर पण ठेवायचा?"

"मला इचारू नको. मला पण तो तिथं नको. पयल्यापासनं नको. मी सांगते ते त्यांचं सांगते."

रविवारी जलदान विधी. बौद्धाचार्य आले, त्रिशरण, पंचशील झालं. आप्पांच्या फोटोपुढं त्यांची हत्यारं मांडायची असं दर्शनानं ठरवलं होतं. थापी मांडली, तासणी मांडली, गुण्या मांडला. ओळंबा नव्हता.

"खिशातच होता त्यांच्या," कोणीतरी म्हणालं.

ज्ञानेश्वरी दारात बसली होती. म्हणाली, "अवो, तो तिकडंच हाय. खोताच्या जोड्याला लटकतोय. कोणी हात लावला नाय. ह्यांना वाटतं त्यांचा, त्यांना वाटतं ह्यांचा."

अमरदीप उठला. शेजारची शिडी खांद्यावर घेतली. पांढऱ्या कपड्यातच निघाला. मागनं दर्शना, आणि येसूबाई पण, तिला कोणी नको म्हटलं तरी. संदेश पण आला.

गोळा शांत लटकत होता. वारा नव्हता. अमरदीपनं चौथऱ्याला शिडी लावली.  त्या पुतळ्यावर चढीन तर घण घेऊनच, असं तो वाडीत सगळ्यांना सांगत आलेला. तो वर गेला, जोड्याला अडकलेल्या फासाला हात घातला आणि तिथंच थांबला. खालनं सगळे बघत होते. त्यानं चिरेतला रंग नखानं खरवडला. सिमेंटचा पोपडा खाली पडला. मग त्यानं मोबाईलची बॅटरी लावून चिरेत बघितलं. बराच वेळ बघितलं. दोन बोटं आत घातली.

"काय हाय?" संदेशनं विचारलं.

"काळा हाय," अमरदीप म्हणाला. "गुळगुळीत हाय. घागरीच्या बुडासारखा."

येसूबाईनं पदर तोंडाला लावला.

तो तसाच वर उभा राहून बोलला, "संद्या, जेसीबीवाल्याला सांग, येऊ नको म्हणून. हा हातानं काढायचा. एक एक चिरा. मी काढतो."

"आणि पुतळ्याचं?"

"ते सभेत बघू. मी सगळ्यात आधी बोलणार. आप्पांचं काय ते बोलीन, मग माजं बोलीन. दोन्ही एक नाय, ते पण सांगीन."

मग फास सोडवायला त्याचा हात गेला, तर येसूबाई खालनं ओरडली, "थांब! सोडू नको. मोजलंस काय?"

अमरदीपनं खाली बघितलं. शिडी उतरला. पायरीवर गुडघे टेकले, नेमका आप्पा बसले होते तिथं, ज्ञानेश्वरीचा ग्लास अजून कडेला होता. दोरी वर दगडाला टेकली होती, खाली लांब होती. त्यानं दोरी आणि चौथरा यांच्यामधे बोटं आडवी घातली, बाप घालायचा तशी, गोळ्याला धक्का न लावता.

"साडेतीन बोटं," म्हणाला.

"नीट बघ."

त्यानं परत घातली. "साडेतीन, आये."

"दर्शना, लिहून ठेव," येसूबाई म्हणाली. "सभेत लागेल."